नळीचे दुसरे टोक

हे लिहायला उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. बायको, वेणूबाई, गेली तेव्हाच लिहायला हवे होते. पण मृत्युपत्र लिहिले की माणूस लगेच जातो, अशी भीती मनात होती. अजूनही थोडी आहे.

मी, चिंतामणी गोविंद शेलार, वय चौऱ्याहत्तर, धंदा गवंडीकाम (आता बंद), शिक्षण सातवी, राहणार विठ्ठलवाडी, हे माझ्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. वकील तेजस्वीताई म्हणाल्या, "अण्णा, मृत्युपत्रात राग लिहू नका." मी म्हटले, राग काढला तर कागदावर उरेल काय?

कलम १. विठ्ठलवाडीची खोली मुलगा जितेश आणि मुलगी सुहासिनी यांना निम्मी-निम्मी. मोरीची भिंत मी स्वतः बांधलेली आहे. ती पाडणाऱ्याने पाडण्याआधी एकदा हात लावून बघावा.

कलम २. बँकेतली ठेव सुहासिनीची. आईच्या आजारपणात ती अंबरनाथहून डबा घेऊन यायची. जितेशला चांगली नोकरी आहे, त्याने तोंड वाकडे करू नये.

कलम ३. शेजारी कैलास याला काहीही नाही. माझी चांगली थापी नेऊन त्याने गटार साफ केले आणि वर म्हणतो, "अण्णा, थापी ती थापीच ना!" ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे ताईंनी सांगितले. म्हणून मी मुद्दाम कैलासलाच साक्षीदार केले आहे.

कलम ४. आता हत्यारे. ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या, उरलेल्या थाप्या आणि पाण्याची नळी. खरे तर यांच्यासाठीच हा कागद आहे.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. "काका, तुमचा ओळंबा भिंतीवर टांगायला पाहिजे. जुना लूक येतो."

मी म्हटले, "ओळंबा भिंतीवर सोडायचाच असतो. पण भिंत बांधताना."

त्याला कळले नाही. मला मात्र कळले, की जितेशने माझ्या हत्यारांचे फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकले आहेत. मला न विचारता. मी जिवंत असताना! फोन करून विचारले तर म्हणतो, "अण्णा, आता सगळ्याचं अ‍ॅप आलंय. लेव्हल, माप, काटकोन, सगळं एका मोबाइलमध्ये. ती पेटी उगाच जागा अडवते."

खोली माझी, पेटी माझी, आणि अडचण होते खरवईला राहणाऱ्या जितेशला! मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्याचा नाही आणि माझाही नाही.

याचे मूळ दिवाळीत आहे. जितेशच्या खरवईच्या फ्लॅटमध्ये हॉलभर लांब फळी लावायची होती. मी नळी घेऊन गेलो. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो. ही लांब पारदर्शक नळी असते, आत पाणी. एकाने या बाजूला टोक धरायचे, दुसऱ्याने त्या बाजूला. पाणी खालीवर होते आणि मग थांबते. थांबले की दोन्हीकडे खूण करायची, ती एका पातळीत येते. अलीकडच्याने विचारायचे, "बसलं?" पलीकडच्याने सांगायचे, "बसलं." उत्तर आल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प एकपासून बदलापूरपर्यंत माझ्या कामावर पलीकडचे टोक वेणूबाईने धरले. घरून भांडून आलो असलो तरी नळी धरली की बोलावेच लागे. "बसलं?" "बसलं. पण भाजी आज तुम्हीच आणा." एक सिंधी शेठ हसून म्हणाला होता, "अरे चिंतामण, तेरा लेव्हल तो बाई के हाथ में है!" तिने लगेच विचारले, "मग मजुरी कोणाच्या हातात देणार?"

तर खरवईला मी टोक भिंतीला लावले आणि सवयीने म्हटले, "बसलं?" उत्तर नाही. वळून पाहिले तर दुसरे टोक सोफ्यावर आणि पाणी गादीत. सूनबाई माधवी फडके घेऊन धावली. तिचा दोष नाही. जितेश मात्र हसला. "अण्णा, कोणाला विचारताय? हे बघा." फळीवर मोबाइल ठेवला. पडदा हिरवा झाला, टिंग वाजले. "बसलं!" म्हणाला.

त्याच्या आईचा शब्द त्याने मोबाइलच्या तोंडी घातला. मी नळी पिशवीत कोंबली आणि न जेवता निघालो.

खोटे लिहिणार नाही. फळी सरळ आहे. सुहासिनी बघून आली. मोबाइल चुकत नसेल, उद्या तो भिंतही बांधील. पण तो ज्याच्या हातात असतो त्यालाच सांगतो. पलीकडे त्याला कोणी लागत नाही, आणि याचेच सगळ्यांना कौतुक! माझे भांडण एवढेच आहे आणि ते मी मागे घेत नाही.

सबब, ओळंबा, गुण्या आणि थाप्या जितेशला, या अटीवर की त्या शोभेसाठी कुठेही टांगू नयेत. वापरायच्या नसतील तर काम करणाऱ्या माणसाला फुकट द्याव्यात. विकल्या तर खोलीतला त्याचा हिस्सा सुहासिनीला जाईल. ताई म्हणाल्या, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. त्याने वाचली म्हणजे झाले.

कलम ५. नळी एकाच्या नावावर करता येत नाही, तिला टोके दोन आहेत. माझ्यामागे ती दोन्ही मुलांची मिळून. कापू नये.

स्थळ: विठ्ठलवाडी, उल्हासनगर
दिनांक: १२ जानेवारी २०२५
सही: चिंतामणी गोविंद शेलार

साक्षीदार:
१. कैलास बाबू म्हसकर, शेजारी. (थापी धुऊन परत केली आहे. — कै.) (खोटे आहे. — चिं.)
२. डॉ. सोनिया मोटवानी, कॅम्प चार. (यांना तपासले. शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे.)

ता. क. जितेश, दारापुढे बसायला कट्टा बांधायला काढला आहे. विटा आल्या आहेत. नळीचे एक टोक खिळ्याला बांधून पाहिले. पाणी बसत असेल, पण खिळा सांगत नाही. कधी येतोस ते लवकर कळव. मोबाइलवरून कळवलेस तरी चालेल.