कमेटीने घेतलेला वास

कारखान्याच्या वाऱ्याखालून,
फाल्गुन, सन १९५४

राजमान्य राजेश्री जगदेवराव, मुक्काम कामरगाव, यांस इंद्रभानचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व खुशाल, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा खोकला बरा असेल, वहिनींचे गुडघेही सुधारले असतील. आमची मात्र नाके कामातून गेली.

गावाबाहेर हाडांचा कारखाना निघाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. ढोरांची हाडे उकळून, दळून खत करतात म्हणे. (दळतात ते ठीक, उकळतात कशाला ते परमेश्वर जाणे.) वारा आमच्याकडे वळला की भाकर घशाखाली उतरत नाही. तुमच्या भाचीला, प्रयागला, पाहायला आलेले मंगरूळचे पाहुणे पोह्यांना हात न लावता, तोंडाला उपरणे लावून निघून गेले, आणि त्यानंतर दारात एक पाहुणा फिरकला नाही. पोरगी अंगणात बसायची बंद झाली. मला ते पाहवेना. म्हणून म्युनिसिपल कमेटीत अर्ज दिला.

तर कारकून विचारतो, वासाला पुरावा काय? म्हणे इन्स्पेक्टर पंचांसमक्ष स्वतः वास घेतील, तोवर वास आहे असे कमेटीला म्हणता येत नाही. (हे बोलताना त्याने स्वतःच्या नाकाला रुमाल लावला होता.)

अखेर आरोग्य इन्स्पेक्टर तुळशीरामजी दोन पंच घेऊन आले. जगदेवराव, नेमका त्या दिवशी वारा आमच्या बाजूचा! म्हटले, देव पावला. पण तुमची बहीण! साहेब घरी येणार म्हणून तिने सकाळपासून सडा-सारवण केले, उदाची धुरी घातली, प्रयागला भजी तळायला बसवले, आणि मोठा माणूस दारात आला तर मान नको का, म्हणून तिघांच्याही मनगटाला हिना अत्तर लावले. मी खुणा करून थकलो. तुळशीरामजींनी पोटभर भजी खाल्ली, मनगट नाकाशी नेले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वास त येऊन राह्यला भाऊ, पन याची कायची तक्रार करता?" लगेच पंचनाम्यात लिहिले : वास आढळला, सुगंधी आहे. पंचांनी तेलकट बोटांनी सह्या केल्या.

तुमच्या बहिणीला विचारले, तर उलट माझ्यावरच, "पाव्हन्याईले काय घान वासात बसवू? लोक काय म्हनतीन?" कमेटीवरचा, वाऱ्यावरचा आणि भज्यांवरचाही माझा विश्वास उडाला आहे. मी अपील करणार, वेळ पडली तर नागपूर गाठणार. असल्या खोटारड्या माणसाला सोडणार नाही.

आपला,
इंद्रभान

ता. क. काल पत्र पाकिटात घालणार तोच तुळशीरामजी पुन्हा आले. मी भांडायच्या तयारीने उठलो, तर ते विचारतात, भजी कोणी केली होती? त्यांचा पुतण्या वाशीमला कोर्टात नोकरीला आहे, लग्नाचा आहे. प्रयाग दाराआड उभी होती. आज ती अंगणात बसली आहे.

आणखी एक. साखरपुडा गुरुवारी. मामा म्हणून तुम्ही पाहिजेच. फक्त हात जोडून सांगतो, नाकाला उपरणे लावू नका, आणि कोणी विचारलेच तर म्हणा, वास आहे, पण सुगंधी. व्याह्यांना खोटे कसे पाडावे! पोरगी वाशीमला जाईल, तिथे हवा चांगली आहे. आम्ही दोघे इथेच, करून घेऊ सवय. येताना हिनाची कुपी तेवढी आणा. आमची पंचनाम्यात संपली.