दुसरी सीडी

बाई, परवा माळा आवरताना मामाने आणलेली ती डबल सीडीची डबी सापडली. वर मुखवटे घातलेले ढोलकरी, त्याखाली इंग्रजीत ‘ट्रायबल हाऊस’ आणि कुठल्याशा परदेशी डीजेचं नाव. उघडली तर डावीकडे पहिली सीडी जागच्या जागी आणि उजवीकडचा खण रिकामा. दुसरी सीडी तुमच्याकडे, विट्याच्या शाळेतच राहिली. आमच्या सांगलीच्या घरात आता सीडी लावायला काही उरलेलं नाही. माझी लेक ती हातात घेऊन तिच्यात तोंड बघत बसली. मी त्या रिकाम्या खणाकडे बघत बसले. तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली आहे.

मामा तेव्हा दिल्लीला सोनं वितळवून शुद्ध करायच्या, गलाईच्या दुकानात होता. दिवाळीला आला तो ही डबी घेऊन. पहिली सीडी जरा झोपाळू, पण दुसरी लावली आणि आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. नुसते ढोल, मध्येच कुणीतरी हाळी दिल्यासारखं ओरडायचं, की पुन्हा ढोल. मी विचारलं, गाणं संपणार कधी? मामा हसला. “संपत न्हाई गं ह्यातलं गाणं. डीजे एकाला दुसरं जोडत जातो. एका दमात तास-सव्वा तास. तीच तर गंमत हाय.” बाई, मामाचं हे बोलणं लक्षात असू द्या. मी नववीत होते आणि मला ते पक्कं समजलेलं होतं.

स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलं आणि आपले हलगीवाले काका सायकलवरून पडले. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ते शाळेच्या पायरीवर उभे होते. “आवं बाई, मनगटच मोडलंय. औंदा न्हाई जमायचं.” तुम्ही आम्हाला सांगितलंत, यंदा लेझीम नाही. त्या वर्षी पहिल्यांदा मला पहिल्या ओळीत, मधोमध उभं केलं होतं. सगळ्या मुली माझ्या हाताकडे बघून खेळणार होत्या. मी मधल्या सुट्टीत पळत घरी गेले आणि डबी घेऊन आले. तुम्ही स्टाफरूममध्ये डोळे मिटून ऐकलंत, बोटं टेबलावर चालू. मग म्हणालात, “कुठल्या मुलखाचे असतील ते असोत, हात मात्र हलगीवाल्याचाच आहे गं.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सराव सुरू झाला. रोज पाच-सात मिनिटं व्हायची, तासाची घंटा व्हायची, तुम्ही बटण दाबायचात. सांगायची संधी मला रोज होती. पण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ज्याला शेवट नाही असलं वाद्य आपल्याला नको. कारण तुमचा नियम होता, वाद्य थांबेपर्यंत लेझीम खाली यायची नाही. वाईच्या तुमच्या बाईंनी तुम्हाला शिकवलेला, तुम्ही आम्हाला शिकवलेला. शेवटच्या ठोक्याला सलामी, त्याच्याआधी काही नाही.

संमेलनाच्या दिवशी घंटा कोण देणार? मैदान भरलेलं, ऊन डोक्यावर. पाच मिनिटं झाली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा झाली, टाळ्या विरळ झाल्या. तुम्ही प्लेअरजवळ एक हात वर करून उभ्या, सलामीची खूण द्यायला तयार. आता संपेल, आता संपेल. प्लेअरवरचा गाण्याचा आकडा बदलायचा, तुमचा हात थोडा खाली यायचा, ढोल चालूच. हेडसर खुर्चीतून ओरडले, “बाई, आज गावजेवण घालूनच थांबायचं काय?” सगळा मांडव हसला. तुमचे कान लाल झालेले मला दिसले. तरी बटण तुम्ही दाबलं नाहीत. आणि मग मी लेझीम खाली आणली. माझ्यामागून सगळ्या ओळी थांबल्या, भरल्या मैदानावर ढोल एकटेच वाजत राहिले.

मांडवामागे तुम्ही मला एवढंच म्हणालात, “वाद्य चालू असताना? माझ्यासमोर?” त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. दोन दिवस मी शाळेला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून घेतलंत. टेबलावर तुमची स्वतःची लेझीम होती. वाईहून आणलेली, दांडा हातानं काळा गुळगुळीत झालेला. म्हणालात, “शेवटच्या ओळीतल्या त्या पाचवीतल्या पोरीची आई आली होती. पोरीला चक्कर येत होती. आणखी दोन मिनिटं झाली असती तर पडली असती म्हणे. तू तिला पाहिलंस आणि थांबलीस. मी बाई असून नियम धरून बसले. चुकलं माझं.” तुम्ही माझी, एका नववीतल्या पोरीची माफी मागितलीत आणि ती लेझीम माझ्या हातात दिलीत. मी मान खाली घातली. तुम्हाला तो माझा विनय वाटला. पाठीवर हात फिरवलात.

तीच लेझीम घेऊन मी आता सांगलीच्या एका शाळेत पोरींना शिकवते. दांडा तोच आहे, चकत्या दोनदा बदलल्या. मी समोर फार वेळ उभी राहत नाही, सारखी मागच्या ओळीकडे चकरा मारते. पुढच्या पोरी कुरकुर करतात, “मॅडम, तुमी आमच्याकडं बघतच न्हाई.” मी म्हणते, तुम्हाला बघायला सगळा गाव आहे. बोलायला सोपं आहे. पण बाई, हे सगळं त्या लेझमीनं करून घेतलं. फुकट मिळालेली वस्तू होती, तिची लाज वाटायची, म्हणून मागे जात राहिले.

हे पत्र घडी घालून त्या रिकाम्या खणात ठेवणार आहे. डबी जरा फुगेल. मी थांबले ती घाबरून थांबले. अजून तासभर हे वाजणार, हे त्या मैदानात एकट्या मला माहीत होतं, आणि तुमच्यावर हसणारी माणसं मला बघवत नव्हती. त्या दिवशी मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. शेवटच्या ओळीत पाचवीतली कुणी मुलगी होती, हेसुद्धा मला तुमच्याच तोंडून कळलं.