लाल मोज्याचा सूड

५ जून, गुरुवार
आणि परत सांगतो, तो लाल मोजा मी टाकलेला नव्हता. मशीनमध्ये आधीपासूनच असणार. चाळीस चादरी गुलाबी झाल्या, हॉटेलवाला बोंबलला, आणि आमच्या सुपरवायझरने अख्ख्या लॉन्ड्रीसमोर विचारलं, "शाळेत तू जायचास, की नुसतं दप्तर पाठवायचास?" इथे परमुलखात, तेही आपल्याच भाषेत. म्हणजे नीट लागावं. दुसरा मोजा माझ्या पायात होता, हा निव्वळ योगायोग.
आजपासून त्याचं नाव इस्त्री. शर्टाला सुरकुती नाही आणि कायम तापलेला.
सोडणार नाही.

६ जून
प्लॅन सापडला. लायब्ररीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार मुलांचे खेळ असतात. फुकट काम, म्हणून माणसं मिळत नाहीत. इस्त्रीचा मुलगा तिथे येतो. सात वर्षांचा, घडी घातल्यासारखा. नाव ठेवलं रुमाल. बापाचा हिशेब पोराकडून चुकता.
लायब्ररीवाल्या बाईंनी विचारलं, अनुभव आहे का. म्हटलं, भरपूर. चार भावंडांत मी थोरला, सगळ्यांना बदडलंय.
फक्त शनिवारी येईन म्हटलं. रविवारी डबल पगार, आणि त्या पैशांवर आईचं वॉशिंग मशीन ठरलंय. मी परक्यांच्या चादरी बटण दाबून धुतो, ती गावी बादलीत चुबकते. बोटांना भेगा. जुलैअखेर एकरकमी पंधरा हजार पाठवतो, असं छाती ठोकून सांगितलंय. मागेही ठोकली होती, पण या वेळी नक्की.

७ जून, शनिवार
संगीत खुर्ची. बारा मुलं, अकरा खुर्च्या, बटण माझ्या हातात. रुमाल कोपऱ्यावर आला की गाणं बंद. पहिल्याच फेरीत आउट. काय समाधान!
पुढे खुर्च्या उचलायला दोन्ही हात लागले, म्हणून बटण रुमालकडे दिलं. तात्पुरतं.

१४ जून
रुमाल पुन्हा पहिला आउट. पण आपणहून. खुर्ची सोडून पळत आला आणि बटण मागितलं. ते बघून बाकीचेही आउट व्हायला धावले. अकरा खुर्च्या रिकाम्या, बारा पोरं माझ्या अंगावर. स्पीकर पडला. बाई म्हणाल्या, मुलं इतकी खूश कधीच नव्हती. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.
पुढच्या वेळी कडक.

२१ जून
आज पुतळ्याचा खेळ. रुमालची पापणी हलली, लगेच आउट. शिक्षा म्हणून टेबलावरच्या चादरीची घडी घालायला लावली. बापाचा धंदा, पोराला शिक्षा. त्याचे हात पुरेनात, म्हणून दुसरी दोन टोकं मी धरली. चार वेळा घातली. परत मोडली, परत घातली.
म्हणाला, "बाबा घरी नसतातच. असले तरी झोपलेले असतात."
मी चादर पाचव्यांदा मोडली.
राग मात्र जसाच्या तसा आहे. लिहून ठेवतो.

२३ जून, सोमवार
इस्त्री सरळ माझ्या मशीनपाशी आला. वाटलं, पोराने चुगली केली. उत्तर पाठ करून ठेवलं होतं. तर हळू आवाजात म्हणतो, "जेवताना पोराच्या तोंडी तूच असतोस. मला विचारतो, बाबा, तुम्हाला घडी येते का? दादाला येते." मग खांद्यावर हात ठेवून, "त्याला रविवारीही तूच हवास. काळजी करू नकोस. तुझी रविवारची ड्युटी मी काढून टाकली. कायमची."
माझ्या तोंडून निघालं, थँक्यू साहेब. का निघालं, ते अजून शोधतोय.

३१ जुलै
जुलैचे चारही रविवार लायब्ररीत. ड्युटी परत मागू शकतो, पण मुद्दाम मागत नाही. सूड असा अर्धवट सोडायचा नसतो. रुमाल आता बापापेक्षा माझं जास्त ऐकतो. इस्त्रीला कळेल तेव्हा कळेल.
आईला फोन केला. मशीन जरा लांबलं, कंपनीच्या भानगडी, असं सांगितलं. म्हणाली, "असू दे रे. तू जेवतोस ना वेळेवर?"
म्हटलं, तोवर रबरी हातमोजे घे, चांगल्यातले.
हातमोज्यांच्या पैशांसकट पाठवतोय : सहा हजार दोनशे.