अथेनाच्या फळीवरचं माझं पान

बाई, तुमच्याकडे येणारे सगळे तुम्हाला सरळ नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते कधी निघालंच नाही. पुण्याच्या शाळेतली सवय, मी मनातल्या मनात बाईच म्हणायचे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आता उघड म्हणते.

इथे परदेशात आल्यावर, आमच्या क्लेटनच्या लायब्ररीत तुमची चिठ्ठी लावलेली होती. शनिवारी दुपारी प्राचीन ग्रीक, फुकट, चहा मिळेल. फोनवर तुम्ही म्हणालात, आधीच सांगते, हा नुसता क्लास नाही, मी अथेनाला, ग्रीकांच्या विद्येच्या देवीला, मानते आणि शिकणं हीच तिची पूजा. पूजा म्हटल्यावर मी आपली नारळ आणि अगरबत्ती घेऊन हजर. तुम्ही अगरबत्ती परत माझ्या पिशवीत घातलीत. "मला दमा आहे. आणि तिला धूर नको, तुझं काय चुकलं ते हवं." मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण तुमचं खरंच तसं होतं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर फळी, तिच्यावर अथेनाची वीतभर मूर्ती, वाटीत ऑलिव्हचं तेल, बाजूला कागदांचा गठ्ठा. आम्ही घरून ग्रीक उताऱ्याचा अनुवाद करून आणायचा, तुम्ही पेन्सिलने तपासायचात, चुकलं तिथे गोल. मग ज्याचं चुकलं त्याने खाली लिहायचं, आधी काय समजलं नव्हतं आणि आता काय समजलं. ते पान देवीपुढे. ज्या पानावर एकही गोल नाही ते आपापल्या घरी.

माझं पान दर शनिवारी घरी यायचं. शाळेत संस्कृतात पहिली येणारी मी, भांडी घासताना ग्रीक रूपं घोकायचे, चुकणार कशी? आणि आमच्याबरोबर शिकणारा तो तुमचा लाडका प्लंबर. बूट व्हरांड्यात काढून नुसत्या मोज्यांवर आत यायचा, शाळा कधीच सोडलेली, पानावर गोलच गोल. त्याच्याजवळ तुम्ही अर्धा अर्धा तास बसायचात. त्याचं पान फळीवर चढलं की माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरं सांगते. वर तो मलाच धीर द्यायचा. "नो वरीज, मेट, तुझंही कधीतरी चुकेल." असा राग यायचा त्याचा. बिचारा मनापासून म्हणायचा, म्हणून जास्तच.

एक शनिवार अजून डोळ्यांपुढे आहे. मी पुस्तक मिटून अख्खा उतारा घडाघडा म्हणून दाखवते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकता, चष्मा काढता आणि विचारता, "मग उताऱ्यातला तो म्हातारा इथे रडतोय कशासाठी?" मी तीच ओळ पुन्हा म्हणते. बरं, असं कुणी कधी विचारलंच नव्हतं मला. प्लंबर खाली बघत हळूच सांगतो, मुलाने त्याला ओळखलं नाही म्हणून. तुम्ही मला म्हणता, "तुला पाठ आहे. तू वाचलेलं नाहीस." सगळ्यांसमोर.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम चुकले. दोन ठिकाणी, विचार करून, पटतील अशा चुका. खाली सहा ओळी लिहिल्या, मला काय उमगलं त्याच्या. तुम्ही वाचलंत. बाकीचे आपलं पान आपणच ठेवायचे, माझं तुम्ही स्वतः उठून ठेवलंत आणि माझ्या खांद्यावर हात टेकलात. मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, "सो व्हॉट, आई?" तरी मी आठवडाभर हवेत होते. त्यानंतर तुमचं आजारपण आलं आणि शनिवार थांबले.

तुमचं घर आवरताना प्लंबरने फळीवरची पानं जपून ठेवली, हे मला परवा कळलं. तो घर बदलतोय, म्हणून फोन करून बोलावलं आणि माझं एकुलतं एक पान हातात दिलं. मागच्या बाजूला तुमच्या बारीक अक्षरात, पेन्सिलने लिहिलेली एक ओळ आहे. "ही मुद्दाम चुकली आहे, तरी ठेवते." म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मी तिथेच त्याच्या गॅरेजमध्ये ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हे सगळं त्याला सांगायची हिंमत नाही आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

फक्त एक सांगायचं राहिलं. तो चहा ठेवायला आत गेला तेवढ्यात मी त्याचा सगळा गठ्ठा उलटापालटा केला, एक एक पान मागून बघितलं. त्याच्या एकाही पानावर तुम्ही काही लिहिलेलं नव्हतं. बाई, रडू नंतर आलं. आधी मला बरं वाटलं.