ठकू बोलतेय

दि. ४ मे

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

पास झाले! रेडिओचा परवाना हातात आला. त्यावर माझं नाव आणि माझी स्वतःची कॉलसाइन आहे, म्हणजे हवेतलं माझं टोपणनाव. फोन केला असता, पण ‘पास’ या शब्दावरच माझी गाडी अडली असती आणि तू काळजीने तिकडून दहा प्रश्न विचारले असतेस. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर मी कधी अडखळत नाही.

बाटल्यांच्या कारखान्यात ही नोकरी मी का धरली, ते तुला ठाऊकच आहे. दिव्यासमोरून बाटल्या सरकतात, त्यांतल्या तडे गेलेल्या बाजूला काढायच्या, दिवसभर तोंड उघडायला नको. पण कँटीनच्या माडीवर कामगारांचा हौशी रेडिओ क्लब आहे. भट्टीवरचे फोरमनकाका तो चालवतात. त्यांनी मला मोर्स शिकवलं, आणि काय सांगू दादा, त्या टिंब-रेघांच्या कडकट्टात माझी बोटं घडाघडा बोलतात! परवा समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या सुताराशी गप्पा झाल्या. तुझं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, असं त्याने कळवलं. आजवर मला असं कुणी म्हटलं होतं का?

पुढच्या महिन्यात क्लबचा सराव आहे. काही जण सेट आणि बॅटऱ्या घेऊन वाळूच्या खाणीवरच्या डोंगरावर जातील. तिथे फोन चालत नाही. खाली क्लबात मी असेन.

वहिनीस नमस्कार. छोटीला माझी कॉलसाइन टेबलावर वाजवून दाखव, चुकलास तरी तिला कळायचं नाही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठकू

दि. १२ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

क्रेनवरून उतरलो आणि पत्र मिळालं. मग बंदरावर मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो. शेवटी मुकादमाने विचारलं, बहीण विमान चालवायला लागली की काय. मी म्हटलं, त्याहून अवघड. तुझी वहिनी म्हणते, आता छाती जरा आत घ्या, सदऱ्याची बटणं तुटतील.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सरावात कुणीतरी तुझ्या हातात माइक देईल. शाळेत तुला कविता म्हणायला उभं केलं होतं, अख्खा वर्ग खिदळला, ते मी दारातून पाहिलं होतं. तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे तुझ्या वतीने मीच बोलत आलो. आता मी इतका लांब. म्हणून फोरमनसाहेबांना पत्र टाकलंय, की हिला मोर्सवर हवं तितकं राबवा, पण बोलायला लावू नका. फुरंगटून बसू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस आणि भावावरची माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
दादा

दि. २० जून

श्री. दादासाहेब यांस,
भट्टीवरच्या फोरमनचा स. न. वि. वि.

आपली भेट नाही, पण ठकूच्या तोंडून, चुकलो, बोटांतून आपल्याविषयी पुष्कळ ऐकलंय. हे पत्र दवाखान्यातून लिहितोय. अक्षर वाकडं आहे ते नेहमीचंच. मांडीचं हाड मोडलं, त्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आपलं पत्र मिळालं होतं आणि मी ते मानलंही. डोंगरावर मी, खाली ती, दोघांत फक्त मोर्स, असं ठरवलं. पण वादळाला हे कोण सांगणार? दुपारी असा वारा उठला की अँटेनाचा खांब दोरांसकट उपटून माझ्या मांडीवर आला. हाड तर गेलंच, जखमही मोठी होती. रक्त थांबेना. त्यात खाणीकडचा रस्ता दरडीने बंद. माझ्यासोबत आमचा ट्रक ड्रायव्हर होता. उंचीमुळे सगळे त्याला उंट म्हणतात. त्याने तार झाडावर फेकून सेट चालू केला, पण मोर्समधलं त्याला ओ की ठो कळत नाही. तो माइकवर नुसता ओरडत राहिला.

मग खरखरीतून आपल्या बहिणीचा आवाज आला. अडत, थांबत, तोच शब्द पुन्हा धरत. मी शुद्धीवर होतो, सगळं ऐकत होतो. सुरुवातीला उंटाने मारलेली गाठ सुटायची; पण ती अडली की तो श्वास घ्यायचा आणि शब्द सुटला की तेवढं काम करायचा. बघता बघता त्याच्या गाठी पक्क्या बसू लागल्या.

पाय वाचला. ती स्वतःबद्दल कमीच लिहील, म्हणून आधी मी लिहिलं. अशी बहीण ज्या घरची, त्या घराशी ओळख वाढावी अशी इच्छा आहे.

आपला
भट्टीवाला

दि. २३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोरमनकाकांना लिहिलंस म्हणून मी तुझ्यावर रागावले होते, ते आधी सांगून टाकते. आता राग नाही.

उंटाची हाक आली तेव्हा खोलीत मी आणि पगारखात्यातले कारकून होतो. क्लबात माइकवर नेहमी तेच बोलतात. पण कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना आणायचं होतं, दरड हटवायला यंत्र धाडायचं होतं. ते धावले. उंट पुन्हा पुन्हा विचारत होता, कुणी आहे का. आणि तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. स्वतःची कॉलसाइन सांगतानाच मी अडकले. तो म्हणाला, ठकू ना? सावकाश सांग, मी ऐकतोय.

बाई आल्या, पण त्यांना खरखरीपलीकडे काही ऐकू येईना. माझे कान सरावलेले. त्या मला सांगत, मी वर सांगे. आणि नशीब बघ, लागणारा प्रत्येक शब्द माझ्या वैऱ्याचा, ‘प’चा! पाय, पट्टी, पाणी. पायाला टांग म्हणून पाहिलं, पट्टीला फडकं म्हटलं. तशा घाईतही बाईंना हसू फुटलं. पण पाणी पाजू नका, हे कसं चुकवणार? त्यातलं ‘नका’ हरवलं तर? म्हणून अडत का होईना, पूर्ण म्हटलं, आणि उंटाकडून परत म्हणवून घेतलं.

मध्येच कारकून परतले. त्यांनी माइकसाठी हात पुढे केला, अगदी चांगल्या मनाने. सवयीने मी तो देऊ लागले आणि थांबले. उंटाने काय केलंय, काय राहिलंय, रक्त कुठवर थांबलंय, हे सगळं मलाच माहीत होतं. मी मान हलवली. बाई म्हणाल्या, तिलाच बोलू द्या.

स्ट्रेचर घेऊन माणसं पोचल्याचं उंटाने ओरडून सांगितलं, तेव्हा वळून पाहिलं. दारात, जिन्यावर पाळीवरचे सगळे कामगार उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, दादा. कुणी हसलं नव्हतं, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता व्यवस्थापक क्लबचा सत्कार करणार आहेत आणि मी दोन शब्द बोलावेत म्हणतात. हो म्हणून आले, आणि आता पहिलंच वाक्य तीनदा खोडलंय. वहिनीस नमस्कार, छोटीला पापा. मायेत खंड नको.

तुझी
ठकू

दि. २ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी अर्धंच वाचलं. उरलेलं वहिनीने वाचून दाखवलं, कारण मला पुढची अक्षरं दिसेनात. छोटी विचारत होती, आत्याला लागलं का. वहिनी म्हणाली, नाही गं, बाबांना लागलंय, पण चांगलं लागलंय.

काल तुझ्या व्यवस्थापकांचंही पत्र आलं, मोठं सभ्य. आपल्या भगिनी तयार आहेत, पण समारंभात बोलणं त्यांना जड जाईल, तरी बंधू या नात्याने त्यांच्या वतीने आपणच दोन शब्द बोलावेत, असं. सवय वाईट बघ. मी लगेच कागद ओढला आणि भाषण लिहायला बसलो. झकास झालं होतं. वहिनीला वाचून दाखवायला उठलो आणि दोन ओळींतच थांबलो. मग फाडलं.

त्यांना कळवलंय की माझी बहीण स्वतः बोलेल. तिला वेळ लागेल, तेव्हा सगळ्यांना बसायला खुर्च्या ठेवा. आणि ज्यांना लवकर गाडी पकडायची असेल, त्यांनी त्या दिवसापुरती ती चुकवावी. आम्ही तिघं आदल्या दिवशीच पोचतोय. मी सदरा नवा शिवलाय, बटणं पक्की लावून घेतली आहेत.

आशीर्वाद तर आहेतच. या खेपेला मीच तुझ्याकडे लोभ मागतो.

बंदरावर हल्ली ‘ठकूचा भाऊ’ म्हणून ओळखला जाणारा,
तुझा
दादा