शेगडी आणि माझे पाय

बुधवार, दिवेलागण. मुखेड, माहेरी.

आज बाळंतपणाचा बारावा दिवस, आणि आईनं पुन्हा बाजेखाली शेगडी सरकवली. वर ओव्याची धुरी. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शिरा फुगल्यात, शेक नको, थंड पट्टी ठेवा. पण शिरा कुठं फुगल्यात हे घरात सांगू कसं? सातव्या महिन्यापासून "पाय दुखतेत" एवढंच म्हणत आले. म्हणून सगळं घर माझ्या पायांमागं लागलंय. मावशी पायांना तेल चोळते, भावानं लांब मोजे आणले. आणि शेगडीची धग नेमकी दुखऱ्या जागी.

आज डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, पाय न्हाई. लघवीच्या जागेला शिरा फुगून राहिल्यात. शेकानं ठणका वाढायलाय."

आईनं शेगडी ओढून अंगणात ठेवली, ओल्या फडक्याची घडी आणून दिली. मग दाराकडं बघत म्हणाली, "तुझ्या वेळेला मलाबी तिथंच झालतं. मीबी पायच सांगितले. सव्वा महिना शेक घेतला."

सव्वा महिना स्वतः भाजून निघाली, आणि लेकीच्या बाजेखाली बारा दिवस तीच शेगडी. आता हिच्यावर चिडू तरी कशी? खोटं तर मीही तेच बोलले.