चौदा टक्के हवा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पार्सल आलं एकदाचं. कुरिअरवाला सुंदरपूरच्या नाक्यावरून फोन करत होता – ‘मैडम, गली में गाड़ी नहीं जाएगी.’ त्याला म्हटलं, भैया, इसी गली से मेरी कार निकलती है. शेवटी मीच गॅरेजमधून चालत जाऊन घेऊन आले.

तळहाताएवढा काळा सेन्सर आणि तो बसवायला रुंद ॲल्युमिनियमचा नळा. इंजिन किती हवा ओढतंय ते हा मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मग त्या मानाने पेट्रोल सोडलं जातं. माझ्या गाडीचा मूळचा सेन्सर अठ्ठावीस वर्षांचा. मोठा टर्बो – इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा – बसवल्यापासून तो पुरा पडत नाही. हवा वाढत जाते, याचा आकडा मात्र एका जागी अडकून बसतो. मग पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आतून भाजतं.

तेवीस तारखेला हवाईपट्टीवर शर्यत आहे. एकेक गाडी सोडतात, एक किलोमीटर, घड्याळ लावून. दोन वर्षांपूर्वी तिथेच माझं इंजिन जळलं. तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं, गाडी गरकन फिरली, कुंपणावर आदळली. माझं मनगट मोडलं. तेव्हाचा मॅप – कुठल्या वेगाला किती पेट्रोल, त्याचा तक्ता – कुशलने लिहिला होता. नदीकाठच्या ब्रह्मा घाटावरचा कुशल, माझ्याहून चार वर्षांनी लहान, सात वर्षं गॅरेजमध्ये माझा भागीदार. त्यानंतर तो गॅरेज सोडून वडिलांबरोबर याज्ञिकी करायला लागला. त्याचं बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगते.

यंदा मॅपही मीच लिहिणार. मला काळजी वाटत नाहीये.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जुना सेन्सर काढला. त्याच्या तारेवर काजळीचा थर. बिचाऱ्याने खूप सोसलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिकी पौर्णिमा, इथली देवदिवाळी. घाटांवर गर्दी, सगळे रस्ते बंद, गॅरेजवर जायचा प्रश्नच नव्हता. दूधविनायकाला आई-बाबांकडे गेले. बाबांनी विचारलं, ‘तुझी ती तांबडी गाडी चालते का गं?’ म्हटलं, पळते. ते म्हणाले, ‘चालली तरी पुरे.’

दुपारी आईबरोबर घाटावर. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर कुशल पणत्या मांडत होता. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. दोन वर्षांत आम्ही चार वाक्यंसुद्धा बोललो नसू. तो उठून उभा राहिला. ‘ताई, हात कसा आहे?’ ‘बरा आहे.’ ‘थंडीत दुखतो का?’ ‘थोडा.’ त्याने मान हलवली आणि परत पणत्यांकडे वळला. आई म्हणाली, किती वाळलाय हा. मला तसं वाटलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बसवला!

सकाळभर नळ्याचा आकार जुळवण्यात गेली. एअर फिल्टरच्या बाजूचं तोंड मोठं, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपचं लहान. मध्ये निमुळता रबरी जोड घातला. सेन्सरची दिशा तीनदा पाहिली, कारण बाण उलटा गेला की सगळंच उलटं. मग पाच तारा. नवीन प्लगमध्ये त्यांचा क्रम वेगळा असतो. एकेक तार मीटर लावून ओळखली, सोल्डरचा डाग दिला, वर नळी चढवली. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून डाग डाव्या हाताने देते आता. कुणाला दाखवला तर डावा-उजवा ओळखता येणार नाही.

कंपनीने सेन्सरबरोबर पाठवलेला तक्ता कॉम्प्युटरमध्ये भरला. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू.

घरी निमिषला सांगितलं. माझा नवरा बँकेत आहे, नागपूरचा. गाडीतलं त्याला एवढंच कळतं की मी खूश आहे की नाही. म्हणाला, ‘आज कचोरी मी आणतो.’

८ नोव्हेंबर, शनिवार

इंजिन गरम झाल्यावर आकडे पाहिले. एक्झॉस्टमध्ये बसवलेला मीटर सांगतो, जळताना पेट्रोल चौदा टक्के कमी पडतंय. उभ्या गाडीत चौदा टक्के म्हणजे खूप. कंपनीचाच तक्ता चुकलेला असणार. त्यांना मेल केली, जरा कडक.

१० नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. प्रत्येक सेन्सर ते यंत्रावर तपासूनच पाठवतात म्हणे. माझ्या नंबरचा कागदही जोडलाय. खाली एक ओळ – सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये कुठून हवा आत शिरत नाही ना, ते आधी बघावं.

राग आला. अठरा वर्षं पाइप जोडतेय मी.

सगळे जोड वरून चाचपले. घट्ट. मग सरळ अख्ख्या तक्त्यात चौदा टक्के वाढवले. मीटरचा काटा जागेवर आला. झालं काम.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शर्यतीच्या यादीत माझं नाव आलं. सव्वीस गाड्या. बाई मी एकटीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे रिंग रोडवर गेलो. निमिषला शेजारी बसवलं, मांडीवर लॅपटॉप. त्याला सांगितलं, हा आकडा मोठा व्हायला लागला की ओरड. दुसऱ्या गिअरला सगळं ठीक. तिसऱ्याला पाय दाबला तसा तो शांतपणे म्हणाला, ‘वाढतोय.’ मी पाय काढला. आणखी दोन सेकंद दाबून धरला असता तर नवीन पिस्टनही गेले असते.

वर चौदा टक्के वाढवूनही वीस टक्के पेट्रोल कमी! रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बसले. तक्ता चुकीचा असता तर चूक सगळीकडे सारखी असती. इथे टर्बो जितक्या जोरात ओढतो तितकी चूक वाढते. म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी आत येतेय. सेन्सरच्या मागून.

निमिषला हे सगळं समजावून सांगितलं. समजावून सांगितलं की माझं मलाच नीट कळतं. त्याने ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि विचारलं, ‘हा मागचा पाइप आत्ताच बदललास का?’

‘नाही. तो आधीचाच.’

‘म्हणजे अपघाताच्या वेळी होता तोच?’

मी गाडी सुरू केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एका डब्यात धूप पेटवला, डब्याला नळी जोडली. फिल्टरचं तोंड झाकणाने बंद करून पायपंपाने हळूहळू धूर आत सोडला. कुठेही फट असेल तर तिथून धूर बाहेर येणारच.

समोरच्या एकाही जोडातून धूर नाही. मग गाडीखालून धुराची एक बारीक रेघ निघाली.

जॅक लावून खाली शिरले. पाइप जिथे टर्बोला मिळतो तिथला रबरी जोड. वरून बघितलं तर गोल, घट्ट, क्लॅम्प सरळ. खालच्या बाजूला रबराची कड आत दुमडलेली. त्या घडीमुळे नखाचं टोक जाईल एवढी फट. डोळ्यांना दिसणार नाही, हात वळवून चाचपलं तरच लागते.

तो जोड मी बसवला होता. मोठा टर्बो घातला तेव्हा, माझ्या हाताने. कुशल त्या दिवशी गॅरेजमध्ये नव्हताच, त्याच्याकडे कुणाची तरी मुंज होती. इंजिन जळल्यावर टर्बोसकट हा पाइप तसाच उतरला आणि तसाच परत चढला. नवाच आहे म्हणून मी जोड उघडलाच नाही.

आता सगळं आठवतंय. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तो म्हणाला होता, ‘ताई, आकडे जमत नाहीयेत. हवेचा जोड एकदा बघायचा का?’ मी म्हटलं होतं, सेन्सर म्हातारा झालाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्याने ऐकलं.

आणि इस्पितळात हाताला प्लास्टर घालत असताना, त्याच्या वडिलांसमोर, निमिषसमोर, आई-बाबांसमोर मी म्हणाले होते, ‘मॅप चुकला. तू लिहिलेला. मी मेले असते.’ तो काही बोलला नाही. मला वाटलं, कबूल आहे म्हणूनच गप्प आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवीन जोड घातला. वाढवलेले चौदा टक्के काढून कंपनीचा तक्ता परत भरला. उभ्या गाडीत चूक एक टक्का. रिंग रोडवर तिसऱ्यात, चौथ्यात – दीड टक्का. सेन्सरचा आकडा कुठेही अडकत नाही. इतकी सुंदर ही गाडी कधीच पळाली नव्हती.

निमिषला म्हटलं, फट होती, बुजवली. त्याने पुढे विचारलं नाही. तो विचारत नाही, थांबून राहतो. ते जास्त वाईट.

जुना जोड फेकायला कचऱ्याच्या पिंपापर्यंत गेले आणि परत घेऊन आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वतःशी बरंच भांडले. दोन वर्षं झाली. तो सुखात आहे. त्याचा संसार आहे, मान आहे, लोक त्याला लांबलांबच्या पूजांना बोलावतात. आता जाऊन उकरून काढायचं म्हणजे माझ्या मनाचं ओझं त्याच्या दारात नेऊन टाकायचं.

हे वाक्य लिहिताना फार शहाणपणाचं वाटलं. पुन्हा वाचलं. मला जायचं नाहीये, एवढंच त्यात आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. जुना जोड पिशवीत. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत स्कूटरही जात नाही, भैरवनाथाकडून पायीच.

कुशल घरी नव्हता, रामनगरला वास्तुशांतीला गेला होता. त्याची बायको संपदा होती. तिने चहा टाकला. मी म्हटलं, कसं काय चाललंय. ती म्हणाली, ‘छान. कामं भरपूर आहेत.’ मग चहा गाळता गाळता सहज बोलल्यासारखं – ‘तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता ना, देवयानीताई? पहिल्यापासून असेच होते का ते?’

‘असेच म्हणजे?’

‘गॅस बंद केला तर मला बघायला लावतात. कुलूप लावलं की मी ओढून बघायचं. पूजेला निघताना सामानाची यादी माझ्याकडून दोनदा तपासून घेतात. मंत्र तोंडपाठ आहेत, तरी पोथी उघडून समोर ठेवतात. म्हणतात, माझ्यावर सोडू नकोस, संपदा.’

मी म्हटलं, नाही. पहिल्यापासून असा नव्हता. सात वर्षांत त्याने माझ्याकडून एकही गोष्ट तपासून घेतली नव्हती.

तिने विचारलं, मग कधीपासून? माझ्याकडे उत्तर होतं. तिला दिलं नाही. आधी त्याला द्यायला हवं. उद्या येते म्हणून उठले. चहा अर्धाच राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सगळं सांगितलं. त्याच्या ओसरीवर, उभ्या उभ्याच. तो रागावेल असं धरून गेले होते, त्याची तयारी केली होती.

तो म्हणाला, ‘त्या दिवशी इस्पितळातून येऊन मी मॅप तीनदा तपासला होता, ताई. बरोबर दिसत होता. पण तू इतकं खात्रीने म्हणालीस. मला वाटलं, चूक आहे आणि मला दिसत नाहीये.’

मग हात पुढे केला. मी जोड पिशवीतून काढून दिला. दुमडलेल्या कडेवरून त्याने दोन-तीनदा अंगठा फिरवला. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, ‘संपदा, बाहेर ये जरा. ताईचा तो अपघात माझ्याकडून झाला नव्हता.’